कोऱ्या तारखेचा राजीनामा, दरवर्षीचा ब्रेक आणि शिक्षक संघटना: वाघोलीच्या एका शिक्षिकेला उत्तर

मॅडम, तुमच्या पत्राचा गाभा असा: वाघोली भागातल्या विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं तुम्ही सहावी ते आठवीला विज्ञान शिकवता. बी.एड. आहे, सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहात. दरवर्षी एप्रिलअखेर कार्यमुक्त करतात, मेचा पगार नाही, जूनमध्ये नवी ऑर्डर. खात्यावर २६ हजार जमा होतात, त्यातले ८ हजार रोख परत द्यावे लागतात. रुजू होताना एका कागदावर राजीनामा लिहून घेतला, त्यावर तारीख नाही. आता तुम्ही विचारता, संघटनेचं सभासदत्व घेतलं तर नोकरी जाईल का, आणि न गेली तर संघटना नक्की करते तरी काय?

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. संघटनेच्या कायदेविषयक मदतीचं काम नोकरीत असल्यापासून करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: संघटनेकडे भांडण पेटल्यावर येऊ नका, हातात कागद असताना या. नोकरी गेल्यावर आलेल्या शिक्षिकेसाठी आम्हाला धावपळ करावी लागते. नोकरीत असताना आलेलीसाठी बरंच काही बांधून ठेवता येतं.

आधी तुमच्या भीतीबद्दल. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेला आहे आणि संस्थेच्या परवानगीचा त्यात प्रश्न येत नाही. सभासद झाल्याचं मुख्याध्यापकांना कळवण्याचंही बंधन नाही. व्यवहारात मात्र एकट्या शिक्षिकेवर डोळा ठेवणं सोपं असतं, हे मी नाकारत नाही. म्हणून पाच-सात जणींनी मिळून एकाच दिवशी नाव नोंदवावं, असंच मी नेहमी सांगतो.

आता कायदा. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. शिक्षकांच्या खोलीत त्याला सगळे ‘एमईपीएस’च म्हणतात. मान्यताप्राप्त खासगी शाळेला तो लागू आहे, अनुदान असो वा नसो. ‘आम्ही अनुदान घेत नाही, आमचे नियम आमचे’ हे संस्थाचालकांचं वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते चूक आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत हा कायदा चालत नाही असा आक्षेप संस्था हमखास घेतात. तुमची शाळा तशी असेल तर राज्य शासनाची मान्यता किंवा ना हरकत पत्र कुठल्या क्रमांकाचं आहे, ते शाळेच्या फलकावरून किंवा संकेतस्थळावरून आजच टिपून ठेवा. या वादात तेच सगळ्यात आधी लागतं.

या कायद्याचं महत्त्व इतकं का? कारण शिक्षकाला कामगार न्यायालयाचा दरवाजा उघडा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही असा निकाल दिला. तरीही दरवर्षी काही शिक्षक आधी कामगार कार्यालयात खेटे घालतात, तिथून परत फिरतात आणि तोवर खरी मुदत निघून गेलेली असते. आपला दरवाजा शाळा न्यायाधिकरणाचा, म्हणजे कलम ९ खालच्या अपिलाचा. बडतर्फी, सेवेतून काढणं, कुठल्याही प्रकारे सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणं, एवढ्या कारणांसाठी तिथे जाता येतं. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं. ‘संस्थाचालक परत घेतो म्हणाले होते, म्हणून थांबले’ हे कारण प्रत्येक वेळी पटतंच असं नाही. हे आश्वासन अनेकदा ३० दिवस संपेपर्यंतच टिकतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

तुमच्या तीन तक्रारींपैकी सगळ्यात धोकादायक मला राजीनाम्याची वाटते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त लिहितो.

कायद्याच्या कलम ७ मध्ये राजीनामा कसा द्यायचा ते स्पष्ट लिहिलं आहे. कर्मचाऱ्याने दोन प्रती तयार करायच्या, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की शाळेच्या ऑफिसात बसवून राजीनामे लिहून घेतले जातात. ते रोखायला ही पद्धत घातली. त्यामुळे तुमच्या कपाटबंद कागदाला आव्हान देता येतं. पण आव्हान द्यायला पुरावा लागतो.

एका प्रकरणात संस्थेने असाच राजीनामा पुढे केला होता. मजकूर निळ्या शाईत, तारीख काळ्या शाईत, आकड्यांचं वळणही वेगळं. तेवढ्यावर काम भागलं नसतं. कामी आलं दुसरंच. राजीनाम्यावरच्या तारखेला ती शिक्षिका सहामाही परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होती, आणि दुपारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ताब्यात घेतल्याची तिची सही परीक्षा विभागाच्या वहीत होती. खाली पुढच्या आठवड्यात गुण जमा करायची तारीखही तिच्याच अक्षरात. नोकरी सोडणारी बाई पुढच्या आठवड्याचं काम अंगावर घेत नाही, एवढा साधा युक्तिवाद होता. त्या पानाचा फोटो तिच्या फोनमध्ये होता, कारण गुण कधी द्यायचे ते विसरू नये म्हणून तिने तो सहज काढला होता. संघटनेने त्यात काय केलं? फोनमधले फोटो तारखेनुसार बसून चाळले. वकिलांना एवढा वेळ नसतो.

तेव्हा तुम्ही असं करा. ‘रुजू होताना माझ्याकडून तारीख नसलेला राजीनामा लिहून घेण्यात आला. तो स्वेच्छेचा नाही, मी तो मागे घेते. राजीनामा द्यायचा झाल्यास कलम ७ नुसार टपालानेच देईन’, एवढ्या मजकुराचं पत्र तयार करा. ते संस्थेला लगेच पाठवायचं की नाही, हा विचार करून घ्यायचा निर्णय आहे. एकटीने पाठवलं तर संस्था सावध होते. माझं मत असं की शाळेतल्या जितक्या जणींकडून असे कागद घेतलेत, त्यांनी एकत्र पाठवावं आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यावी. तोवर तारखेसह सही केलेली प्रत संघटनेकडे आवक क्रमांक टाकून ठेवा, आणि तीच स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पुढे कुणी ‘हे पत्र आत्ता रचलं’ म्हणालं तर तारीख सिद्ध करता येते. टपालाने पाठवाल तेव्हा स्पीड पोस्टने नोंदणीसह पाठवा. २०२५ मध्ये जुनी रजिस्टर सेवा त्यातच विलीन झाली आहे. पोचपावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. कलम ५ सांगतं की कायम रिक्त जागा पात्र उमेदवारातून भरायची, नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) करायची आणि ती पूर्ण झाली की कर्मचारी कायम समजायचा. ‘शैक्षणिक वर्षापुरती’ अशा ऑर्डर काढून संस्था नेमकं हेच टाळते. पण केवळ सहा वर्षं झाली म्हणून आपोआप कायम, असंही कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. न्यायाधिकरण तीन गोष्टी विचारतं. जागा खरोखर कायम होती का, निवड जाहिरात देऊन रीतसर झाली का, आणि नेमणुकीच्या दिवशी तुमच्याकडे पात्रता होती का. जाहिरातीचं कात्रण किंवा फोटो, मुलाखतीचा निरोप, सहाही वर्षांच्या ऑर्डर, आणि तुमच्या विषयाचं वेळापत्रक हे सगळं लागतं. विज्ञानाच्या तासिका सहा वर्षं तेवढ्याच असतील तर जागा तात्पुरती नव्हती हे वेळापत्रकच सांगतं.

ऑर्डरवर जावक क्रमांक आहे का ते बघा. काही संस्था मुद्दाम क्रमांकाविना ऑर्डर देतात आणि नंतर ती नाकारतात. तुमच्याकडे तशी असेल तर भविष्य निर्वाह निधीचा तपशील काढा. यूएएनच्या, म्हणजे तुमच्या निधी खात्याच्या क्रमांकाच्या, सेवा इतिहासात दरवर्षी जूनची रुजू तारीख आणि एप्रिलची सोडल्याची तारीख संस्थेनेच भरलेली दिसेल. त्यातून ब्रेक दिसतो, तसं सहा वर्षांचं काम आणि ब्रेकचा ठरावीक साचाही दिसतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला हा निधी बंधनकारक आहे. पासबुक रिकामं असेल तर ती वेगळी तक्रार, आणि ती निधी कार्यालयाकडे थेट करता येते.

तिसरी, रोख परतीची. याची तक्रार तोंडी सगळे करतात, लेखी फार थोडे. कायद्याच्या कलम ४ नुसार वेतन आणि भत्ते शासनाने ठरवलेल्या श्रेणीप्रमाणे द्यायचे असतात. न्यायाधिकरणात मात्र केवळ पगारफरकाचं अपील चालत नाही, कारण ते कलम ९ च्या कारणांत बसत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकारी, त्यांच्या वर पुणे विभागाचे शिक्षण उपसंचालक, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका, अशी वाट आहे. मागची थकबाकी न्यायालय साधारण तीन वर्षांपुरतीच देतं, त्यामुळे ‘नोकरी सोडताना बघू’ हा हिशेब तोट्याचा ठरतो. संघटनेचा खरा उपयोग इथे आहे. रिटमध्ये एका शिक्षिकेचं नाव पुढे येण्याऐवजी शाळेतल्या वीस जणींचा प्रश्न म्हणून तो मांडता येतो, आणि खर्चही वाटला जातो.

पुरावा म्हणून दर महिन्याचं बँक विवरण. पगार जमा झाल्याच्या एक-दोन दिवसांत बरोबर ८ हजार काढल्याच्या नोंदी सहा वर्षं दिसल्या तर ते बोलकं असतं. पैसे कुणी घेतले, कुठे, कोण समोर होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. ‘ऑफिसात येऊन जा’ असे निरोप मूळ फोनमध्ये राहू द्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर अवलंबून राहू नका, आणि फोन बदलला तरी जुना विकू नका.

यातच ग्रॅच्युइटीचं सांगतो, कारण खासगी शाळांतल्या बहुतेक शिक्षकांना ती आपल्याला नाहीच असं वाटतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत असं म्हटलं होतं, तेव्हापासून तो समज पसरला. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांच्या संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरल्या. पाच वर्षांची सलग सेवा असेल तर दर वर्षाला शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १५/२६ इतकी रक्कम मिळते. तुमचे २६ हजार हे सगळे मूळ आणि महागाई भत्ता धरले, तर वर्षाला १५ हजार, सहा वर्षांचे ९० हजार. लक्षात घ्या, हिशेब कागदावरच्या २६ हजारांवर होतो, हातात उरलेल्या १८ वर नाही. रोख परत घेणाऱ्या संस्थेला इथे स्वतःच्या कागदाप्रमाणेच पैसे द्यावे लागतात.

आणि ब्रेकमुळे सलगता तुटते का? वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष सलग धरतात आणि पगारी सुट्ट्या त्यात मोजल्या जातात. मे कोरा गेला तरी बहुतेकींचे भरतात. म्हणून हजेरीपटाचा पुरावा हवा. ग्रॅच्युइटीसाठी मात्र कामगार विभागाच्या त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जायचं असतं. वर कामगार न्यायालयाबद्दल लिहिलं त्याची इथे गल्लत करू नका.

आता समजा वाईट घडलं. जूनमध्ये गेलात आणि मस्टरवर तुमचं नाव नाही, किंवा नावावर लाल रेघ. शिपाई म्हणाला, ‘सरांनी आत सोडू नका म्हणून सांगितलंय.’ लेखी आदेश नाही. घरी जाऊन रडण्याआधी, त्याच दिवशी, गेटजवळूनच ईमेल करा: ‘मी आज अमुक वाजता कामावर हजर झाले, मला सही करू दिली नाही, मी काम करायला तयार आहे.’ त्याची प्रत स्पीड पोस्टने. सोबत एखादी सहकारी किंवा पालक असेल तर त्यांचं नाव लिहून ठेवा. हे पत्र नसेल तर संस्था नंतर म्हणते, ‘त्या स्वतःहून यायच्या बंद झाल्या.’ तोंडी काढल्यावरही अपील करता येतं, पण ३० दिवस कुठून मोजायचे ते या पत्राने ठरतं.

हल्ली शहाण्या संस्था तोंडी काढत नाहीत, चौकशी लावतात. इथे संघटनेइतकं उपयोगी दुसरं कुणी नाही. आरोपपत्र आलं की लेखी खुलाशाला सात दिवस असतात, आणि घाबरलेला माणूस त्या सात दिवसांत ‘चूक झाली, क्षमा असावी’ असं लिहून बसतो. ते वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं. खुलासा संघटनेला दाखवल्याशिवाय देऊ नका. पुढे नियम ३६ प्रमाणे तिघांची चौकशी समिती बसते: एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक तुम्ही नेमलेला. हा तिसरा कुठल्याही खासगी शाळेचा कर्मचारी असू शकतो, तुमच्याच शाळेतला हवा असं नाही. फार थोड्यांना हे माहीत असतं. मुदतीत नाव कळवलं नाही तर तुमच्या माणसाविनाच समिती पुढे जाते. संघटनेकडे नियमावली कोळून प्यायलेले असे शिक्षक असतात, जे साक्षीदाराला नेमके प्रश्न विचारतात आणि इतिवृत्तात चुकीचं लिहिलं तर सही करण्याआधी आपली नोंद घालतात. अपिलात न्यायाधिकरण नेमकं हे इतिवृत्त वाचतं.

निलंबन झालं तर अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि पूर्वपरवानगीशिवाय चार महिन्यांपलीकडे निलंबन लांबवता येत नाही. भत्ता थकला तर लगेच लेखी मागा. पैशांअभावी चौकशीला हजर राहता आलं नाही, हा पुढे मोठा मुद्दा होतो.

अपील जिंकल्यावर मागचा पगार मिळतो का, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरचे विचारतील. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आहे. शिक्षिकेने शपथेवर सांगायचं की या काळात मला दुसरी पुरेशी मिळकत नव्हती, मग ती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर येते. अपिलातच हे लिहा. शिकवण्या घेत असाल तर लपवू नका. संस्थेचे लोक क्लासच्या पाटीचा फोटो घेऊन येतात.

संघटना काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. ती तुमच्या वतीने अपील करत नाही, अपील तुमचंच असतं. शिक्षणाधिकाऱ्यांना ती पत्रं, भेटी, धरणं यांनी हलवू शकते, आदेश देऊ शकत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, तेव्हा अनुदानित शाळांतले शिक्षक मोठ्या संख्येने उतरले. त्यांच्यामागे शालार्थ प्रणालीतून येणारा शासनाचा पगार होता. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला मी त्या भरवशावर कधीच संपावर जायला सांगणार नाही.

संघटना निवडतानाही डोळे उघडे ठेवा. वर्गणीची पावती देते का, वार्षिक सभा होते का, हिशेब सभासदांना दाखवते का, हे विचारा. मूळ प्रमाणपत्रं आणि मूळ ऑर्डर कुणाच्याही हवाली करू नका, आमच्याही नाही. प्रती पुरतात. तुमच्या गैरहजेरीत संस्थेशी तडजोड करून ‘मी मिटवलं’ म्हणणारा पदाधिकारी दिसला तर ती संघटना सोडा.

तुमच्या सहकाऱ्यांसाठी एक निरोप. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांना निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार आहे. तुम्ही सीटीईटी केलेली आहे, तुम्हाला चिंता नाही. ज्यांनी केलेली नाही त्यांना काढायला संस्थेला कारण शोधावं लागणार नाही, तेव्हा त्यांना अभ्यासाला बसवा. आमच्याकडे गणित आणि बालमानसशास्त्राचे तास सभासद शिक्षकच घेतात.

येत्या रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या कार्यालयात या. सहा वर्षांच्या ऑर्डर, बँक विवरण, यूएएनचा सेवा इतिहास आणि या वर्षाचं वेळापत्रक, सगळ्याच्या प्रती आणा. येताना निदान आणखी एक सहकारी सोबत असू द्या. राजीनामा मागे घेण्याच्या पत्राचा मसुदा तिथेच बसून करू, आणि संस्थेला तो मेच्या सुट्टीआधी पाठवायचा की जूनची ऑर्डर हातात पडल्यावर, हे तुम्ही दोघी-तिघी मिळून ठरवा.